पानवेलीच्या पानावर ठिपका दिसला? औषध मारायच्या आधी पान उलटं करून बघा

जयसिंगपूर : पावसाची झड लागली की पानमळेवाल्याचा जीव टांगणीला लागतो. ऊसाच्या पानावर डाग पडला तर कारखाना काही म्हणत नाही, वजन मिळतं. पण पानवेलीत पान हाच माल. पानावर उडदाएवढा जरी ठिपका दिसला तरी व्यापारी ते पान बाजूला काढतो. आणि हा ठिपका येतो तो नेमका श्रावण-गणपतीच्या तोंडावर, पूजेच्या विड्याला पानाची मागणी वाढते तेव्हा.

मिरज पूर्व भागातली आरग, बेडग, नरवाड ही गावं खाऊच्या पानासाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जातात. जयसिंगपूरपासून ही गावं काही लांब नाहीत. आपल्या भागातही कुणाचे पाच-दहा गुंठ्यांचे मळे आहेत, आणि परसात, तुळशीकट्ट्याजवळ एखादी पानवेल तर किती तरी घरांत आहे. वेल बारमाही हिरवी असते, म्हणून रोगालाही तिच्यावर बाराही महिने घर मिळतं.

माझा स्वतःचा मळा आठ गुंठ्यांचा. काही वर्षांपूर्वी जुलैत खालच्या पानांवर काळपट डाग दिसले. मी एका पानाचा फोटो मोबाईलवर काढला, दुकानात दाखवला. "करपा आहे, कार्बेन्डाझिम मारा," असं सांगितलं. मी दोन वेळा मारलं. बारा दिवसांत दोन वाफ्यांतल्या वेली माना टाकून बसल्या. शेजारच्या मळ्यातले तात्या बांधावर आले तेव्हा मी म्हटलं, "तात्या, एवढं औषध मारून करपा हटंना." तात्यांनी एक पान खुडलं, उलटं केलं, मग खाली बसून वेलीच्या बुडातली माती बोटानं उकरली. बूड काळं पडून लिबलिबीत झालं होतं. "करपा कुठला लेका? ही कूज हाय. तू वरनं औषध मारतोयस आणि रोग खालनं येतोय."

चूक दुकानदाराची एकट्याची नव्हती. मी त्याला फक्त पान दाखवलं होतं. वेलीचं बूड, जमीन, पाणी यातलं काहीच दाखवलं नव्हतं. म्हणून हा लेख. पानवेलीवर ठिपके आणणारे मुख्य रोग तीन. लांबून तिन्ही सारखेच दिसतात, पण तिघांवरचे उपाय वेगळे.

१. पानकूज आणि बूडकूज (फायटोप्थोरा)

सगळ्यात घातक हा. ओळख अशी :

- सुरुवात जमिनीजवळच्या पानांपासून. पावसाच्या थेंबाबरोबर मातीचा शिंतोडा जिथवर उडतो तिथवरची पानं आधी धरतात.
- डाग गोलसर, गडद तपकिरी ते काळा, उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा ओला. काही वेळा डागात फिकट-गडद अशी वलयं दिसतात.
- वाढ फार झपाट्याची. रिपरिप पाऊस असेल तर आज रुपयाएवढा असलेला डाग दोन-तीन दिवसांत अर्धं पान खातो.
- पान हाताला ओलं, मऊ लागतं, कुजल्याचा वास येतो.
- हाच रोग बुडाला लागला की वेल पिवळी पडते, पानं माना टाकतात आणि हिरवी दिसणारी वेल आठवड्या-दोन आठवड्यांत वाळते. बऱ्याच जणांना ही 'मर' म्हणून माहीत आहे.

हा जीव पाण्यातून चालतो. त्याची बीजं साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहतात. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जाणाऱ्या पाटाच्या पाण्याबरोबर रोगही जातो.

आणि माझी चूक इथंच झाली. शास्त्रज्ञ याला खरी बुरशी धरत नाहीत. तो द्राक्षावरच्या डाऊनीचा भाऊबंद. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखं नेहमीचं बुरशीनाशक याच्यावर चालतच नाही. मी मारलेलं औषध म्हणजे चुकीच्या कुलपाला लावलेली किल्ली होती. याच कुळातल्या दुसऱ्या एका रोगानं १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सलग नासवलं आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं गेली. एवढा हा रोग वेगानं पसरतो.

२. जिवाणूजन्य ठिपके (झँथोमोनास)

डाळिंबावरचा तेल्या आणि लिंबावरचा खैऱ्या आपल्याला माहीत आहे. हा त्यांच्याच कुळातला. ओळख :

- ठिपके बारीक, सुरुवातीला तेलकट-पाणीदार. पानाच्या खालच्या बाजूला आधी दिसतात, म्हणून पान उलटं केल्याशिवाय कळत नाही.
- ठिपका गोल नसतो, कोनाकोनाचा असतो. बारीक शिरांमध्ये अडकल्यामुळे त्याला असा आकार येतो.
- पान उन्हाकडे धरलं की ठिपक्याभोवती पिवळी कड स्पष्ट दिसते.
- सकाळी दमट हवेत पानाच्या मागच्या बाजूला ठिपक्यावर चिकट थेंब दिसू शकतो. वाळल्यावर त्याची पातळ पापडी होते.
- वेलीच्या कांड्यावर लांबट काळे चट्टे पडतात. तिथं वेल ठिसूळ होऊन मोडते.

हा रोग वाऱ्या-पावसाबरोबर पसरतो आणि माणसाच्या हातानंही. पान खुडताना नखाला लागलेला रस पुढच्या वेलीला लागतो. ओल्या पानांत खुडा केला की आपणच रोग वाटत फिरतो.

३. काळा ठिपका, म्हणजे खरा करपा (कोलेटोट्रिकम)

मिरचीवर फळं सडवणारी, आंब्याचा मोहोर काळा करणारी बुरशी याच जातीची. ओळख :

- ठिपके गोल किंवा वेडेवाकडे, काळे-तपकिरी, बऱ्याचदा पानाच्या कडेला.
- ठिपका मोठा होताना मधला भाग फिकट आणि कागदासारखा कोरडा होतो, कधी गळून भोक पडतं.
- ठिपक्याभोवती पिवळसर कड असते. जुन्या ठिपक्यावर बारीक काळे कण दिसतात.
- वरची, मधली, खालची कुठलीही पानं धरतात. पाऊस आणि उघडीप आलटून पालटून असली की जोर जास्त.

पानकुजीचा डाग ओला असतो, याचा कोरडा. बोटानं चोळून बघितलं की फरक लगेच कळतो.

रोग नसलेले डाग

दर वेळी रोगच असतो असं नाही. फवारणीच्या आधी ही चार कारणं तपासा.

*ऊन लागणं* : शेवरीची छाटणी एकदम जास्त झाली की पश्चिमेच्या उन्हानं पानं भाजतात. चट्टा फिकट, कोरडा आणि फक्त उन्हाच्या बाजूला असतो. तो पसरत नाही.

*खारं पाणी आणि क्षारपड रान* : पानाची कड चहूबाजूंनी सारखी करपते. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या काळ्या रानात हा त्रास आहेच. अशा रानात पानवेल लावायचीच नाही. तिला निचऱ्याची जमीन लागते.

*तणनाशकाचा उडालेला फवारा* : शेजारच्या ऊसात २,४-डी मारलं आणि वारा आपल्याकडं असला तर पानं वाकडी-तिकडी होतात, वाटीसारखी वळतात. जाळणारं तणनाशक असेल तर जिथं थेंब पडला तिथं जळका ठिपका पडतो. बांधाकडच्या ओळीत जास्त आणि आत कमी असं दिसलं तर आधी शेजाऱ्याशी बोला.

*रस शोषणारे ढेकूण* : कोवळ्या पानावर शिरांच्या मध्ये तपकिरी चट्टे, पान आकसलेलं. सकाळी लवकर शेंडे हलवून बघा, किडा सापडतो.

घरच्या घरी एक सोपी तपासणी

दोन-तीन ताजी डागाळलेली पानं घ्या. ओला करून पिळलेला कागद आणि ही पानं एका स्वच्छ प्लास्टिक पिशवीत ठेवून तोंड बांधा. सावलीत रात्रभर ते दोन दिवस ठेवा. डाग झपाट्यानं वाढला, ओला राहिला आणि त्यावर पांढरट विरळ कापूस आला तर संशय पानकुजीवर. डागावर काळे कण किंवा फिकट गुलाबी चिकट ठिपके आले तर करपा. कापूस नाही, पण डाग तेलकट-चिकट झाला तर जिवाणू. ही काही प्रयोगशाळा नाही, पण दुकानात जाण्याआधी अंदाज येतो.

कृषी सहायकाला किंवा जाणकाराला फोटो पाठवायचा असेल तर एका पानाचा पाठवू नका. चार पाठवा : पानाची वरची बाजू, खालची बाजू, वेलीचं बूड माती बाजूला करून, आणि लांबून पूर्ण वाफा. कुठल्या तारखेला पहिला डाग दिसला आणि आधी काय मारलंय तेही लिहा.

मग उपाय काय?

डाग पडलेलं पान कुठल्याही औषधानं पुन्हा कोरं होत नाही. औषध फक्त पुढचं पान वाचवतं. म्हणून पानमळ्यात खरी लढाई पाऊस सुरू व्हायच्या आधीच असते. मी आता पुढच्या गोष्टी दरवर्षी करतो.

*पाणी :* वाफ्यात पाणी साचू देऊ नका. मे महिन्यातच चर मोकळे करा. एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात जाणार नाही अशी सोय करा. जमलं तर ठिबक करा. उन्हाळ्यात थोडं थोडं आणि वारंवार, पावसाळ्यात जमिनीची ओल हातानं बघून.

*हवा :* पावसाच्या तोंडावर शेवरी-पांगाऱ्याच्या जादा फांद्या काढा. वारा खेळला की पान लवकर सुकतं. पान जितका वेळ ओलं तितका रोग पक्का. पण सगळी सावली काढू नका, नाही तर ऊन लागेल.

*खालची पानं :* जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंतची पानं पावसाच्या आधीच खुडून घ्या. जमिनीवर लोळणारे शेंडे आधाराला बांधा. मातीचा शिंतोडा आणि पान यांची गाठ पडू द्यायची नाही.

*स्वच्छता :* गळलेली, डागाळलेली पानं आणि मेलेल्या वेली मुळासकट गोळा करून मळ्याबाहेर जाळा किंवा खोल पुरा. बांधावर टाकू नका, शेणखताच्या खड्ड्यात तर मुळीच नको. उतरण करताना काळे चट्टे असलेलं कांडं मातीत दाबू नका, कापून टाका.

*खुडा :* आधी चांगल्या वाफ्यांत, शेवटी रोगट वाफ्यात. पानं ओली असताना खुडा टाळा. रोगट वाफ्यातनं बाहेर पडल्यावर खुडणाऱ्या सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे. बादलीभर पाणी आणि एक साबण मळ्याच्या तोंडाशी ठेवला की काम भागतं.

*बेणं :* निरोगी मळ्यातलंच घ्या. मळा पावसाळ्यात जाऊन बघा, उन्हाळ्यात सगळेच मळे चांगले दिसतात.

*खत :* युरियाचा मारा नको. पान लुसलुशीत होतं, पण रोगाला तेच आवडतं. शेणखतात निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा मिसळून द्या. मी गुंठ्याला पाच किलो पेंड आणि ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा धरतो.

बोर्डो : जुनं पण खरं औषध

पानकूज, करपा आणि काही प्रमाणात जिवाणू, या तिघांवर चालणारं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. द्राक्षवाल्यांना हे नवं नाही. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षांची चोरी होऊ नये म्हणून लोक वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. १८८२ च्या सुमारास मिलार्डे या शास्त्रज्ञानं बघितलं की त्याच वेली डाऊनीतून वाचल्यात. १८८५ मध्ये त्यानं हे जगापुढं मांडलं. चोरासाठी मारलेलं औषध रोगाला लागू पडलं!

एक टक्का बोर्डो असं करा : एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लास्टिकच्या पिंपात विरघळवा. दुसऱ्या पिंपात एक किलो चांगला कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवून ५० लिटर करा, गाळून घ्या. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओता आणि काठीनं ढवळत राहा. लोखंडी भांडं वापरू नका. मग घासलेला लखलखीत विळा मिनिटभर त्यात बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, पानं जळतील. थर येणं थांबेपर्यंत चुन्याची निवळी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

वापर असा : पाऊस सुरू होताना एक टक्का द्रावण वेलीच्या बुडात माती भिजेल एवढं ओतायचं आणि पावसाळा संपेपर्यंत महिन्यातनं एकदा तसंच. फवारणीसाठी निम्म्या ताकदीचं, म्हणजे १०० लिटरला अर्धा किलो मोरचूद आणि अर्धा किलो चुना, दर पंधरा दिवसांनी. बोर्डो आणि ट्रायकोडर्मा एकत्र देऊ नका. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, तांबं तिलाही मारतं. दोन्हीत किमान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

हे पान कुणीतरी कच्चं खाणार आहे

टोमॅटो शिजतो, वांगं शिजतं. विड्याचं पान थेट तोंडात जातं. बाळंतिणीला, म्हाताऱ्या माणसाला, देवापुढच्या ताटातलं लेकरालाही. म्हणून फवारणी नेहमी खुडा झाल्यावरच करायची, पुढच्या खुड्याच्या तोंडावर कधीच नाही. माझ्याकडं दोन खुड्यांत पंधरा-वीस दिवस जातात, त्यामुळे पान धुऊन निघायला वेळ मिळतो. बोर्डोचा निळसर डाग राहिला तर व्यापारीही पान घेत नाही, तो वेगळा तोटा.

मेटॅलॅक्झिलसारखी औषधं पानकुजीच्या कुळावर चालतात हे खरं. पण डब्याच्या लेबलवर पानवेलीचं नाव आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायला सांगितलंय ते वाचल्याशिवाय घेऊ नका. नाव नसेल तर तज्ज्ञाला विचारा. जिवाणूसाठी दुकानात स्ट्रेप्टोसायक्लीन पुढं केलं जातं. ते प्रतिजैविक आहे, माणसाच्या आजारात लागणाऱ्या औषधांच्या जातीचं. ते शेतात सारखं मारलं की जिवाणूंना त्याची सवय होते. दिलं म्हणून घ्यायचं आणि पानावर मारायचं, हे बंद करू या.

परसातल्या वेलीसाठी

कुंडीतल्या किंवा तुळशीकट्ट्याजवळच्या वेलीला औषधाची गरजच नाही. डागाळलेली पानं काढून टाका. पाणी सकाळी आणि बुडाला घाला, पानांवर शिंपडू नका. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे का बघा, ताटलीत पाणी साचू देऊ नका. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा द्या. बूड काळं पडलं असेल तर वरचा निरोगी शेंडा कापून नव्या मातीत लावा आणि जुनी माती दुसऱ्या झाडाला वापरू नका.

मदत कुठं मिळेल?

पानवेलीवर महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संशोधन सांगलीजवळच्या कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्रात चालतं. जयसिंगपूरहून जाऊन येण्यासारखं अंतर आहे. जाताना पिशवीत मुळासकट एक वेल न्या. कोल्हापूर जिल्ह्यात कणेरी आणि तळसंदे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. घरबसल्या विचारायचं तर किसान कॉल सेंटरचा मोफत नंबर १८००-१८०-१५५१, मराठीतून बोलता येतं.

थोडक्यात लक्षात ठेवा : ओला डाग आणि काळं बूड, तर कूज. कोनाचा तेलकट ठिपका पानाच्या मागं, तर जिवाणू. कोरडा, मधे कागदी ठिपका, तर करपा. एका बाजूलाच असेल आणि पसरत नसेल, तर ऊन, पाणी किंवा शेजारचा फवारा.

माझे ते दोन वाफे परत भरायला दोन वर्षं गेली. आता पहिला ठिपका दिसला की मी खिशातला मोबाईल नंतर काढतो, आधी खाली बसून बुडातली माती उकरतो.